वाघेपिंपरीचा सत्कार

"हेबी नाव घ्या सर," म्हणत दिगूनं माझ्या हातात अकरावी चिठ्ठी कोंबली.

चिठ्ठीवर दूध संघाच्या कुठल्याशा माजी उपाध्यक्षाचं नाव होतं. माझ्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. व्यासपीठावर मधोमध, मखमलीच्या खुर्चीत, स्वीडनहून आलेल्या कर्स्टिनबाई बसल्या होत्या. त्यांना बांधलेला गुलाबी फेटा सैल होऊन भुवयांवर उतरला होता. मांडीवर शालींची चळत, पायाशी दहा नारळ. दर सत्काराला त्या उठत, हात जोडत, हार घालून घेत आणि पुन्हा बसत. सत्कार करणारा मात्र लगेच खाली उतरत नव्हता. फोटोग्राफरनं "झालं साहेब" म्हणेपर्यंत तो बाईंच्या खांद्याला खांदा लावून उभा.

"यानंतर," मी माईकमध्ये म्हणालो, "ज्यांनी दुधाच्या थेंबाथेंबातून तालुक्याला समृद्धी दिली, असे आपले लाडके..."

टाळ्या पडल्या. माझं वाक्य मलाच आवडलं होतं, हेही आता सांगून टाकतो.

मी विश्वंभर तिडके. वाघेपिंपरी तालुक्याच्या आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक होतो. पोटापाण्याला वेल्डिंग शिकवायचो, पण तालुका मला ओळखायचा तो आवाजामुळं. गणपती असो, कुणाची निवृत्ती असो, पुतळ्याचं अनावरण असो, सूत्रसंचालनाला तिडके सर. माझ्याशिवाय इथं नारळ फुटत नाही, अशी माझी समजूत होती आणि लोकांनी ती कधी मोडली नव्हती.

कर्स्टिनबाईंची कंपनी दुधाच्या कारखान्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि नळ्या बनवायची. त्यांना भारतात कारखाना काढायचा होता. तीनशे माणसं लागणार होती. तीन जागा त्यांनी बघायला काढल्या, त्यांतली एक आमची. जमिनीत आमच्याकडं काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते एवढंच, की आमच्या आयटीआयच्या वेल्डर वर्गात त्या वर्षी एकवीस मुली होत्या, आणि बाईंना या कामावर मुलीच हव्या होत्या. दुधाच्या नळीचा सांधा आतून असा बसावा लागतो, की बोट फिरवलं तर सांधा कुठंय ते कळता कामा नये. थोडा जरी खडबडीत राहिला तर तिथं दूध अडकतं, नासतं. हे काम जोराचं नाही, सबुरीचं आहे.

बाईंचा निरोप महिनाभर आधी आला होता. व्यासपीठाची गरज नाही. जमीन पंधरा मिनिटांत बघू. आम्हाला एक तास मुलींशेजारी उभं राहून त्यांचं काम बघायचंय. दोन वाजता येऊ. हेलिकॉप्टर उजेडात पुण्याला पोचलं पाहिजे, म्हणून साडेचारला निघू.

मी तो निरोप आमचे प्राचार्य कुलथेसाहेब यांच्यापुढं ठेवला.

"व्यासपीठाची गरज नाही असं पाहुणा म्हणतोच हो, तिडके," ते हसून म्हणाले. "जेवायला वाढा असं आपण तरी कुणाच्या घरी म्हणतो का?"

तीन महिने मी त्या मुलींना घासून घेतलं होतं. असल्या सांध्याला लागणाऱ्या आर्गॉन गॅसचा एकच बाटला होता, तोही बाईंसमोर दाखवायला राखून ठेवलेला. तेवढ्यासाठी पोरी शेवटचे पंधरा दिवस न पेटवलेल्या वेल्डिंग टॉर्चनं हाताची चाल गिरवत होत्या. त्यांत सगळ्यात पुढं द्वारका ढाकणे. बारीक अंगाची, फार न बोलणारी. तिचा हात टेबलावर टेकला की हलायचा नाही.

पाहुणे यायच्या आठ दिवस आधी तिचा बाप, गहिनीनाथ, फाटकाशी मला गाठायला आला.

"सर, खरं सांगा. कंपनी येनार का न्हाई?"

"ते मी कसं सांगू, ढाकणे? बघायला तर येतायत."

"तसं न्हाई. सोयरे अडून बसलेत. पोरगं चांगलं हाय, पर जोडी न्हाई म्हनून मुकादम त्याला टोळीत घेईना. म्हनत्यात, दिवाळीच्या आत उरकून टाका."

आमच्याकडं ऊसतोडीला एकटा माणूस जात नाही, कोयता जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम कोयत्यांवर टोळी भरतो. म्हणून दिवाळी जवळ आली की आमच्या भागात पोरींची लग्नं उरकतात. साखर कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत जोडी पुरी झाली पाहिजे ना!

"द्वारका काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हनती, कंपनीच्या बाईला एकडाव माजं काम बघू द्या. बाई नको म्हनली तर तुमी म्हनाल तिथं जाते." गहिनीनाथनं टोपी काढून हातात घेतली. "मी थांबतो, सर. पर तुमच्या शब्दावर. बाई बघल ना तिचं काम?"

"बघणार म्हणजे बघणारच," मी म्हणालो. "ती जबाबदारी माझी."

तर हा असा शब्द देऊन मी व्यासपीठावर उभा होतो आणि दुधाच्या थेंबातून समृद्धी काढत होतो.

बारावी चिठ्ठी आली, तेरावी आली. दिगू हा बाजार समितीचे सभापती बापूसाहेब यांचा माणूस. बापूसाहेब व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसून नुसती मान हलवत, की दिगू खाली जाऊन नवीन नाव घेऊन येई. ज्याचं नाव राहील तो रुसणार, आणि निवडणूक चार महिन्यांवर. कंपनी आली तर कुणाला काय मिळेल ते पुढचं पुढं. बाईंबरोबरचा फोटो मात्र आजच मिळत होता. आमच्या लोकांचा हिशोब असा रोखीचा.

सव्वातीनला द्वारका व्यासपीठाच्या पायरीशी आली. अंगात चामड्याचा ॲप्रन, कपाळावर घाम.

"सर, अजून किती येळ? पोरी तयार हायेत."

"पाच मिनिटं. आलोच बाईंना घेऊन."

तिनं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या चिठ्ठीकडं, आणि परत गेली. वर्कशॉप व्यासपीठापासून साठ पावलांवर होतं. साठ पावलं!

मी माईक खाली धरून बापूसाहेबांच्या कानाशी वाकलो.

"बापूसाहेब, आता आवरतं घेऊ. पोरी थांबल्यात. साडेचारला हेलिकॉप्टर उडणार."

"उडतंय कशाला? आपन इथं असताना?" बापूसाहेब आरामात म्हणाले. "ड्रायव्हरला जेवू घाला म्हनावं. आन हे बघ तिडके, पाहुना दारात आला की आधी त्याचा मान करत्यात, का त्याला गोठा दाखवत्यात? बाईला कळू दे, कुठल्या गावात आलीय ती."

"पण त्यांनी तर निरोपात..."

"तू गोड बोल. तेवढ्यासाठी बोलावलंय तुला."

मी गोड बोललो. बापूसाहेबांनी मनात आणलं असतं तर माझी बदली कुठंही झाली असती, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी बदली माझ्या मनात आलीच नव्हती. मनात एवढंच होतं, की सभा रंगलीय आणि ती मी रंगवलीय.

साडेतीनला बापूसाहेबांचं भाषण सुरू झालं. मुंबईहून बाईंबरोबर आलेले एक अधिकारी बाईंच्या कानात एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते, पण ऐतिहासिक भूमी, कष्टाळू जनता आणि विरोधकांचं राजकारण याच्या पुढं त्यांचीही गाडी जाईना. भाषणाच्या मध्येच बाईंनी त्यांना काहीतरी विचारलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघून बोटांनी टॉर्च धरल्यासारखी खूण केली. मी जोरानं मान डोलावली. हो, हो, आहेत, आहेत.

चार वाजता भाषण संपलं. पुन्हा चिठ्ठ्या. पंधरा, सोळा, सतरा. कोणाचं काय सांगावं? एक सत्कार गावच्या पैलवानाच्या हस्ते झाला, एक रेशन दुकानदाराच्या. नारळ ठेवायला जागा उरली नाही तेव्हा दिगूनं आधीचेच नारळ उचलून पुढच्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. बाईंना तेच तेच नारळ दोन-दोनदा मिळाले. लोकांना त्याचंही हसू आलं, मलाही आलं.

चार वाजून आठ मिनिटांनी यादी संपली.

बाई उठल्या. कुणाला न विचारता त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि पायरीकडं निघाल्या. मी पटकन म्हणालो, "आता पाहुणे आपल्या मुलींचं काम पाहण्यासाठी वर्कशॉपकडे जात आहेत." माझा जीव भांड्यात पडला. बावीस मिनिटं होती. एक सांधा घालायला सात-आठ मिनिटं लागतात. द्वारकाला एवढी पुरेशी होती.

तेवढ्यात दिगूनं आणखी एक चिठ्ठी पुढं केली.

मी ती उघडली. कुलथेसाहेबांचं अक्षर. त्यावर माझं नाव होतं. ‘सूत्रसंचालक श्री. विश्वंभर तिडके यांचा सत्कार, हस्ते: कर्स्टिन मॅडम.’

ही गोष्ट मी सतरा वर्षं वेगळी सांगत आलोय. बापूसाहेबांचा माज, कुलथ्यांचा लाळघोटेपणा, दिगूच्या चिठ्ठ्या, पुढाऱ्यांची फोटोची हाव, हे सगळं मी रंगवून सांगतो. ऐकणारा चिडतो, मीही चिडतो, आणि दोघांनाही बरं वाटतं. ही शेवटची चिठ्ठी मी गाळतो.

ती मी खिशात घालू शकत होतो. चुरगाळून टाकू शकत होतो. कुणी विचारलंही नसतं. पण मी काय केलं? स्वतःचं नाव स्वतःच कसं घ्यायचं, ते बरं दिसत नाही, म्हणून मी माईक आणि चिठ्ठी दोन्ही अदबीनं कुलथेसाहेबांच्या हातात दिली.

"थांबा, थांबा, मॅडम, वन मिनिट!" कुलथेसाहेब माईकवर ओरडले. "ज्यांच्या मधुर वाणीनं हा सोहळा..."

बाई शेवटच्या पायरीवरून परत वर आल्या. मी पुढं झालो. नको म्हणालो नाही. उलट, फेटेवाला खाली चहा पीत होता, तो येईपर्यंत मी हात बांधून, मान किंचित झुकवून उभा राहिलो. फेटा बांधायला त्यानं पाच मिनिटं घेतली. सहावारी फेटा, शेमला पाठीवर, तुरा वर. बाईंनी मला शाल घातली, नारळ दिला. फोटोग्राफरचा रोल संपला होता. त्यानं दुसरा घातला. मी तेवढा वेळ बाईंच्या शेजारी उभा राहून हसत होतो. मग कुणीतरी म्हणालं, सरांचा झाला तर मंडपवाल्यानं काय पाप केलंय? मंडपवाल्याचाही झाला.

चार वाजून चोवीस मिनिटांनी पायलट मंडपात आला आणि त्यानं मनगटावर बोट ठेवलं. शेजारच्या शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टरचा पंखा फिरू लागला. धूळ उडाली, मंडपाचं कापड फडफडायला लागलं.

बाई माझ्याजवळ आल्या. सरळ साध्या इंग्रजीत, मला कळेल असं सावकाश त्यांनी विचारलं, वेल्डिंग करणाऱ्या मुली कुठं आहेत?

मी बोट दाखवलं. वर्कशॉपच्या खिडकीत निळा उजेड चमकत होता. थरथर नाही, तुटणं नाही, एकसारखा. बाईंनी तो बघितला. त्या तिकडं चार-पाच पावलं गेल्यासुद्धा. मग मुंबईच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि काहीतरी म्हटलं. बाई थांबल्या, माझ्या फेट्याकडं बघितलं आणि वळून हेलिकॉप्टरकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘परदेशी पाहुणे भारावले’ असा मथळा होता. दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. पाहुणचाराबद्दल आभार, मात्र कामगारांचं कौशल्य पाहता न आल्यानं आपल्या जागेचा विचार करता येत नाही. बापूसाहेबांनी आभाराची तेवढी ओळ सभेत वाचून दाखवली. कारखाना शेजारच्या राज्यात गेला. तिथं वर्षभर मुलींना शिकवून घ्यावं लागलं म्हणे. आमच्याकडं एकवीस शिकलेल्या होत्या. पुढं कुलथेसाहेब बढतीवर गेले, बापूसाहेब आमदार झाले, माझी बदली झाली नाही. द्वारकाचं लग्न त्या सत्कारानंतर दहाव्या दिवशीच लागलं होतं आणि तेराव्या दिवशी तिचा कोयता सांगलीकडं गेला होता. वेल्डरचं प्रमाणपत्र न्यायला ती आली नाही. अजून ते आयटीआयच्या कपाटातच असेल.

पण हेलिकॉप्टर गेल्यावरची दहा मिनिटं मी आजवर कुणापाशी बोललो नाही.

पुढारी मागच्या मंडपात जेवायला बसले. मी वर्कशॉपमध्ये गेलो. पोरी गुपचूप ॲप्रन सोडत होत्या. कुणी माझ्याकडं बघेना. द्वारका शेवटच्या टेबलाशी होती. तिनं चिमट्यानं नळी उचलून पाण्यात बुडवली, फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"बघा."

मी नळीत बोट घातलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. पुन्हा फिरवलं. सांधा कुठंय ते मला कळलं नाही.

"बाटला संपवला मी," ती म्हणाली. "माईकवर तुमच्या सत्काराचं ऐकू आलं, तवाच टॉर्च पेटवला. म्हनलं, आता काय कुनी येत न्हाई."

"द्वारका, अगं माझा नाइलाज..."

"पास का नापास, सर?"

"असा सांधा मलासुद्धा..."

"पास का नापास?"

"पास."

"मग तेवढं माईकवर सांगा."

मी कसानुसा हसलो. "आता? आता कोण आहे ऐकायला?"

"बापू हायेत, कुलथे सर हायेत, पेपरवाले जेवत्यात." तिचा आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. "माजा बाप सकाळधरनं त्या बाभळीखाली बसलाय. त्याला हितलं काय दिसलं न्हाई, पर ऐकू तर यील. दोन तास आख्ख्या तालुक्याची नावं घेतली तुमी. माजं एक घ्या. द्वारका ढाकणे पास झाली, एवढंच म्हना. मंग मी बापाशी बोलते माजं मी."

नळी हातात घेऊन मी बाहेर आलो. मंडपात रिकाम्या खुर्च्या होत्या. मला येताना पाहून बाभळीखालचा गहिनीनाथ उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. मागच्या मंडपातून कुलथेसाहेबांनी हाक दिली, "तिडके, या लवकर, बापूसाहेब तुमच्यासाठी पान मांडून बसलेत!"

मी व्यासपीठावर चढलो. माईक चालू होता. हात लावला तर खरखरला, आणि त्या आवाजानं जेवणाऱ्यांतल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. बापूसाहेबांनीही केली. गहिनीनाथ चार पावलं पुढं आला.

मंडपवाला वायर गुंडाळत माझ्याजवळ आला. डोक्यावरचा फेटा त्यानं अजून काढला नव्हता. मीही काढला नव्हता.

"सर, काही बोलायचंय, का करू बंद?"

मी बापूसाहेबांकडं बघितलं. मग त्याला म्हणालो, "कर."